आर्लिंग्टन रो आणि कॉट्सवोल्ड्समधील दगडी घरे : छपराकडून पायाकडे

माळरान :

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील बायबरी गावची आर्लिंग्टन रो ही घरांची रांग आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष नाही, तरी कॅलेंडरवर किंवा ब्रिटिश पासपोर्टातील चित्रात पाहिलेली असेल. मी गेली नऊ वर्षे इथून जवळच, सायरेन्सेस्टरच्या बाजूला राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी कोल्न नदीच्या काठाने चालत त्या रांगेपर्यंत जातो. भारतातून आलेले पाहुणे सोबत असले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘ही घरे १३८० सालची आहेत’ आणि ‘किती हौसेने सजवून बांधली आहेत’. पहिले वाक्य अर्धेच खरे आहे आणि दुसरे माझ्या मते मुळीच खरे नाही. या धाग्याचे निमित्त तेच.

१३८० च्या सुमारास इथे बांधले गेले ते घर नव्हते, लोकरीचे कोठार होते, आणि ते मठाच्या मालकीचे होते. मध्ययुगात कॉट्सवोल्ड्स नावाच्या या टेकड्यांच्या प्रदेशातील मेंढ्यांची लोकर युरोपभर जात असे. नॉर्थलीच किंवा चिपिंग कॅम्डेन येथील प्रचंड चर्चे त्याच पैशांतून उभी राहिली. सतराव्या शतकात, लोकर विकण्यापेक्षा कापड विणण्याचे महत्त्व वाढलेले असताना, या लांबलचक कोठारात आडव्या भिंती घालून, चुली-धुराडी बसवून विणकरांसाठी घरे करण्यात आली. विणलेले कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या हातोड्यांखाली कुटून घट्ट केले जाई आणि नंतर समोरच्या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळवले जाई. त्या कुरणाला आजही रॅक आइल म्हणतात, ते त्या चौकटींवरून. म्हणजे घर, गिरणी आणि वाळवणाचे कुरण हा एकाच धंद्याचा पसारा होता, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय ही रांग पाण्याला इतकी लगटून का आहे हे कळत नाही.

आता सजावटीविषयी. हे घर समजून घ्यायचे असेल तर ते वरून खाली, छपरापासून वाचावे, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. छपरावर दिसतात त्या आपल्याकडच्या भाजक्या मातीच्या कौलांसारख्या वस्तू नव्हेत. त्या चुनखडीच्या दगडाच्या पातळ फरश्या आहेत. त्या खडबडीत आणि कमी-अधिक जाडीच्या असल्यामुळे एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, फटी राहतात, आणि दगड स्वतःही थोडे पाणी पितो. म्हणून पाऊस छपरावर रेंगाळता कामा नये. त्यासाठी उतार ५० ते ५५ अंशांचा, म्हणजे बघताना जवळजवळ उभा वाटेल इतका ठेवावा लागतो. पुढचे सगळे या एका गोष्टीतून निघते. इतके उभे छप्पर रुंद घरावर टाकले तर ते अवाढव्य उंच आणि जड होईल. तेव्हा घराची रुंदी पाच-सहा मीटरांवर थांबते, खोल्या एकामागे एक न येता एकीशेजारी एक येतात, आणि घर वाढवायचे असेल तर ते लांबीनेच वाढते. रांग तयार होते ती अशी. उभ्या छपराखाली माळ्याची मोठी जागा आपोआप मिळते. ती झोपायला किंवा काम करायला वापरायची तर उजेड हवा. म्हणून दर्शनी भिंतच मध्ये मध्ये वर चढवून तिला त्रिकोणी माथा देतात आणि त्यात खिडकी बसवतात. छायाचित्रांत आपल्याला मोहवणारे ते त्रिकोण म्हणजे मुळात माळ्यावर उजेड नेण्याची युक्ती आहे.

या त्रिकोणांचे छप्पर मुख्य छपराला मिळते तिथे खोलगट पन्हळ तयार होते. इतरत्र अशा जागी शिशाचा पत्रा घालतात. इथल्या कारागिरांनी शिशाचा खर्च टाळून फरश्याच निमुळत्या घडवून त्या पन्हळीतून अशा वळवल्या की एका पाख्याच्या ओळी न तुटता दुसऱ्या पाख्यावर जातात. लांबून पाहिले तर छपरावर कापड अंथरल्यासारखे दिसते. हे काम करता येणारे लोक आजही आहेत, पण थोडेच.

फरश्यांची मांडणीही नीट पाहण्यासारखी आहे. वळचणीला सर्वांत मोठ्या, काही तर दोन फुटांच्या जवळपास लांब, आणि वर जाताना ओळीओळीने लहान होत आढ्यापाशी वीतभर. जड फरश्या भिंतीच्या माथ्यालगत राहिल्या की भार सरळ भिंतीत उतरतो, आणि छपराचे सगळे पाणी जिथून वाहत जाते त्या खालच्या भागात सांधे कमी येतात. खाणीतून निघालेला लहान तुकडाही वाया जात नाही. प्रत्येक आकाराला कारागिरांची वेगळी नावे होती : कॉक, कटिंग, मफिटी, बॅचलर, विवेट. १८७१ पासून केल्मस्कॉट येथे राहिलेल्या, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांना तिथल्या छपरावरील हा क्रम पाहून माशाचे खवले आठवत. बायबरीला इंग्लंडमधील सर्वांत सुंदर गाव म्हटले तेही त्यांनीच.

भिंतींविषयी थोडक्यात लिहितो. त्या दीड ते दोन फूट जाड असतात. बाहेरून आणि आतून अनघड दगडाचे दोन थर, मध्ये लहान दगड आणि चुन्याची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड. घडीव दगड फक्त गरज असेल तिथे, म्हणजे कोपऱ्यांना, खिडक्या-दारांच्या चौकटींना आणि धुराड्यांना. खिडकीवर जी पुढे आलेली दगडी पट्टी दिसते आणि जिचे दोन्ही टोकांना खाली वळण असते, तिचे काम भिंतीवरून ओघळणारे पाणी खिडकीच्या बाजूंना नेणे हे आहे. मूळ घरांना पागोळ्यांचे पाणी झेलणारी पन्हळे नव्हती, त्यामुळे ही पट्टी गरजेचीच होती.

या विषयावर ज्यांचा अभ्यास किंवा प्रत्यक्ष अनुभव असेल त्यांनी अवश्य लिहावे.

चिरेबंदी :

लेख आवडला. मी रत्नागिरीचा, आणि घरचा व्यवसाय जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे, म्हणून दगडाविषयीच विचारतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो, आणि उघड्यावर ठेवला की हळूहळू कठीण होत जातो. कॉट्सवोल्ड्सच्या दगडाबद्दल मी असेच ऐकले आहे. ते खरे आहे का? आणि छपरासाठी इतक्या पातळ फरश्या करवतीशिवाय कशा काढत असत?

माळरान :

चिरेबंदी, दोन्ही दगडांची जडणघडण अगदी वेगळी असली तरी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. जांभा हा खडक जागेवरच कुजून, लोहाचा अंश मागे राहून बनतो. कॉट्सवोल्ड्सचा दगड सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळातील उथळ आणि उबदार समुद्रात तयार झाला. वाळूच्या किंवा शिंपल्याच्या बारीक कणाभोवती चुन्याचे थर बसत गेले आणि माशांच्या अंड्यांसारखे गोल दाणे बनले. ते एकमेकांना चिकटून खडक झाला. चांगल्या थरांतील दाणे इतके सारखे असतात की हा दगड कोणत्याही दिशेने कापता येतो. ताज्या दगडात खाणीचे पाणी असते आणि त्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. दगड सुकताना तो चुना पृष्ठभागाकडे येऊन बसतो आणि वरची कातडी कठीण होते. म्हणून पाथरवट कोरीव काम खाणीतून काढल्यावर लगेच उरकत.

रंगाचेही सांगून टाकतो. मधासारखा पिवळा रंग लोहामुळे येतो आणि तो प्रामुख्याने उत्तरेकडे, चिपिंग कॅम्डेन आणि ब्रॉडवेच्या बाजूला दिसतो. दक्षिणेकडे येऊ लागले की रंग फिका होत जातो. बायबरीची घरे खरे तर करड्याकडे झुकणारी आहेत; छायाचित्रांत ती सोनेरी दिसतात त्याला संध्याकाळचे ऊनही कारण असते.

फरश्यांचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण ती करवतीची नव्हे, थंडीची करामत आहे. सर्वांत नावाजलेल्या फरश्या ऑक्सफर्डशरमधील स्टोन्सफील्ड गावच्या. तिथे जमिनीखालच्या अरुंद बोगद्यांतून शरद ऋतूत दगडाचे ठोकळे काढत आणि ते ओले राहतील अशी काळजी घेत उघड्यावर पसरून ठेवत. कडाक्याची थंडी पडली की थरांमधील पाणी गोठून फुगते आणि ठोकळा पानापानांनी सुटतो. ठोकळा त्याआधी सुकला तर तो पुढे कधीच नीट सुटत नसे. म्हणून हिमाची रात्र येणार असे दिसले की चर्चची घंटा वाजवून गावाला उठवत आणि लोक येऊन दगडांवर पाणी घालत, अशी आठवण तिथे सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा व्यवसाय तिथे थांबला. याच खाणींतून निघालेल्या हाडांवरून भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी १८२४ साली मेगालोसॉरसचे वर्णन केले. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर.

पाऊसपाणी :

माझा अनुभव फारसा सुखद नाही, पण तो लिहिणे गरजेचे वाटते. सहा वर्षांपूर्वी आम्ही कॉट्सवोल्ड्सच्या कडेला असलेल्या एका खेड्यात अठराव्या शतकातील लहान दगडी घर घेतले. पहिल्याच हिवाळ्यात आतल्या भिंतीवर ओल दिसू लागली. दगडांमधील दरजा (सांधे) उघड्या पडल्या आहेत, तिथून पाणी आत येते, असे आम्हांला सांगण्यात आले, आणि आम्ही एका कंत्राटदाराकडून पुढच्या भिंतीच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. काम दिसायला स्वच्छ झाले. दुसऱ्या हिवाळ्यात ओल कमी होण्याऐवजी वाढली, आणि तिसऱ्या हिवाळ्यानंतर दगडांचे चेहरे पापुद्रे निघून गळू लागले. सिमेंटच्या रेघा मात्र जशाच्या तशा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधील दगड आत खचत गेला. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. दोनशे-अडीचशे वर्षे टिकलेला दगड आमच्या हातून तीन वर्षांत गेला.

नंतर जुन्या इमारतींचे काम करणाऱ्या एका वयस्कर गवंड्याने आम्हांला भिंतीपुढे उभे करून समजावले. अशा भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. भिंत पाऊस थोडा पिते, जमिनीतूनही थोडे पाणी वर येते, आणि ते पाणी चुन्याच्या दरजांतून वाऱ्यावर उडून जाते. चुना दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्यामुळे झीज होते ती चुन्याची. तो दर काही दशकांनी पुन्हा भरायचा असतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि जवळजवळ बंद असते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू लागते, क्षार तिथेच साठतात, आणि हिमाच्या रात्री तेच पाणी दगडात गोठते. आम्ही सिमेंट हाताने छिन्नीने काढून घेतले, कारण यंत्राने दगडाच्या कडा तुटतात. मग पूर्ण भिंत पुन्हा चुन्यात करून घेतली. आतला प्लास्टिकचा रंगही खरवडून चुन्याचा हात दिला. भिंत कोरडी व्हायला दोन उन्हाळे लागले.

असे घर घेण्याचा कोणी विचार करत असेल तर दरजांचा रंग आणि कठीणपणा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढी विनंती.

सह्यकडा :

पाऊसपाणी, तुमचे लिहिणे वाचून वाईट वाटले, पण ते इथे नोंदले गेले हे फार चांगले झाले. मी पुण्यात वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची चूक आमच्याकडेही रोज दिसते, आणि आतल्या विटा ओल धरून भुसभुशीत होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन शंका आहेत. खिडक्या इतक्या लहान का? ब्रिटनमध्ये खिडक्यांवर कर होता, म्हणून लोकांनी खिडक्या लहान ठेवल्या, असे मी वाचले होते. आणि अमेरिकेच्या हेन्री फोर्ड यांनी ही संपूर्ण रांग विकत घेऊन मिशिगनला न्यायचे ठरवले होते, हे खरे काय?

माळरान :

सह्यकडा, खिडक्यांवरील कर १६९६ ते १८५१ या काळात होता आणि त्यामुळे अनेक ठिकाणी खिडक्या बुजवल्या गेल्या, हे खरे आहे. पण या घरांच्या खिडक्यांची घडण त्याहून जुनी आहे, त्यामुळे लहानपणाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. काच महाग होती. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान तुकड्यांचीच तावदाने होत. शिवाय दगड दाबाला भक्कम असला तरी वाकण्याला कच्चा असतो. खिडकीवर आडवा ठेवलेला दगड लांब झाला की मधोमध तडकतो, म्हणून दर दीड-दोन फुटांवर दगडाचा उभा दांडा देऊन त्याला आधार दिला जाई. तीन-चार कप्प्यांची रुंद पण बुटकी खिडकी हे या भागाचे लक्षण झाले ते त्यामुळे. घराचा मान सांगण्याची जागाही हीच होती : खालच्या मजल्यावर चार कप्पे, वर तीन, माळ्यावर दोन, असा उतरता क्रम अनेक घरांत दिसतो, आणि तो छपरावरील फरश्यांच्या क्रमाशी इतका सुसंगत आहे की मला दर वेळी त्याचे नवल वाटते.

फोर्ड यांच्याविषयी : आर्लिंग्टन रो नेण्याची गोष्ट गावात सर्रास सांगितली जाते. खात्रीने सांगता येते ते असे की त्यांनी बायबरीपासून काही मैलांवरील चेडवर्थ गावातील सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे एक घर विकत घेतले, दगडांना क्रमांक घालून ते उतरवले आणि १९३० च्या सुमारास मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे, आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात पुन्हा उभे केले. ते तिथे आजही पाहता येते. आर्लिंग्टन रो मात्र १९२९ साली रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने, जुनी खेडुत घरे वाचवण्याच्या आपल्या मोहिमेत, विकत घेतली आणि १९४९ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. लोक आजही तिथे भाड्याने राहतात. भेट देणाऱ्यांनी खिडक्यांतून आत डोकावू नये, हे आपल्या लोकांनाही मी कळकळीने सांगतो.

चिरेबंदी :

अशा घरात बदल करायला परवानगी लागते का? कोकणात आम्ही भिंत पाडून खोली वाढवतो तेव्हा कोणी विचारत नाही, आणि त्याचे परिणाम दिसत आहेत.

पाऊसपाणी :

लागते, आणि ती सहज मिळत नाही. १७०० पूर्वीची जी घरे बऱ्यापैकी मूळ रूपात टिकली आहेत ती जवळपास सर्वच संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीत आहेत, आणि १७०० ते १८५० मधीलही बहुतेक. ही यादी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्यापासून आकाराला आली. आमचे घर सर्वांत खालच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत आहे, तरी आतला जिना हलवायलाही संमती लागते. संमतीविना केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरतो. आर्लिंग्टन रो पहिल्या श्रेणीत आहे. हे नियम जाचक आहेत असे म्हणणारे शेजारी मला भेटतात, पण आमच्या भिंतीचे जे झाले त्यानंतर मी नियमांच्या बाजूने आहे. एक गोष्ट मात्र मनाला पटत नाही. नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य टक्के आहे आणि जुन्या घराच्या दुरुस्तीवर २० टक्के. जे जपायला सांगता त्याच्यावरच कर लावायचा, याने माणसे स्वस्त आणि चुकीच्या दुरुस्तीकडे वळतात.

सह्यकडा :

शेवटची शंका. नैसर्गिक फरश्यांचा व्यवसाय इतका आटला असेल तर आज छप्पर दुरुस्त करताना फरश्या आणायच्या कुठून? आणि त्या छपराला धरून कशा राहतात, खिळ्यांनी?

माळरान :

जुन्या छपरांत खिळा नसतो. प्रत्येक फरशीच्या माथ्याला एक भोक असते, त्यात ओकच्या लाकडाची खुंटी ठोकतात आणि ती खुंटी रिपेवर अडकते. फरशी स्वतःच्याच वजनाने जागेवर बसते. आतून चुना आणि जनावरांचे केस कालवून फटी लिंपत असत, म्हणजे वारा आणि भुरभुरणारे बर्फ आत येत नसे. शंभर-दीडशे वर्षांनी खुंट्या आणि रिपा जातात. फरश्या बहुधा जात नाहीत. तेव्हा छप्पर पूर्ण उतरवून, प्रत्येक फरशी बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला असतो.

थोड्या खाणी आता पुन्हा फरश्या काढू लागल्या आहेत, शिवाय दगडाचा चुरा आणि सिमेंट यांच्या साच्यातील फरश्याही मिळतात. त्या स्वस्त पडतात, पण त्यांची जाडी सारखी असल्यामुळे छपरावरची सावली सपाट पडते आणि ते लांबूनही जाणवते. बरीचशी दुरुस्ती मात्र जुन्या फरश्यांवरच होते. ज्या फरशीचा भोकाजवळचा भाग तुटला असेल तिचा तेवढा भाग छाटून, नवे भोक पाडून ती आखूड करतात आणि वरच्या ओळीत नेतात. म्हणजे पहिल्या बांधणीच्या वेळी वळचणीला बसलेली फरशी दोन-तीन दुरुस्त्यांनंतर छपराच्या मध्यावर, कदाचित आढ्याच्या जवळ पोहोचलेली असते. त्यामुळे लहान फरश्यांचा तुटवडा सहसा पडत नाही. शोधाव्या लागतात त्या वळचणीच्या, दोन फुटी फरश्या, आणि छप्पर करणारे लोक पडीक गोठ्यांच्या लिलावाच्या बातमीवर लक्ष ठेवून असतात ते त्यांच्यासाठीच.